तेल सांडले समुद्रात, खापर कोणाच्या माथी?



आपल्या नगर जिल्ह्याला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, समुद्र नाही. आपल्याला ठाऊक ते पाणी प्रवरेचे, मुळेचे, गोदावरीचे आणि विहिरीचे. तेव्हा साखर कारखान्याच्या वार्तापत्रात समुद्रातल्या तेलगळतीवर लेख कशाला, असे कोणी विचारील तर त्यात त्याची चूक नाही. आम्हांलाही आधी तसेच वाटले होते. पण थोडा विचार केला आणि ध्यानात आले की हा विषय आपल्या बांधापर्यंत आलेला आहे. आपला कारखाना आता नुसती साखर विकत नाही, तो इंधनही विकतो. आणि जो इंधन विकतो त्याला इंधन सांडले तर काय होते हे माहीत असले पाहिजे.

शिवाय आपल्या ट्रॅक्टरमध्ये जे डिझेल पडते ते येते तरी कुठून? मनमाडजवळच्या पानेवाडीहून, नाहीतर अकोळनेरच्या डेपोतून टँकर आपल्याकडे येतात. मनमाडला ते मुंबईच्या रिफायनरीतून पाइपाने येते. आणि त्या रिफायनरीत जे कच्चे तेल शिजते त्यातले काही अरबस्तानातून जहाजाने आलेले असते, तर काही आपल्याच समुद्रातले, मुंबई हायचे असते. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत, १९७४ साली 'सागर सम्राट'ने तिथे तेल शोधले आणि १९७६ साली उत्पादन सुरू झाले. १९७३ च्या तेलसंकटात डिझेलचे भाव कसे चढले ते जुन्या सभासदांना आठवत असेल. त्यावर समुद्रातले हे तेल म्हणजे देशाला मोठाच आधार वाटला, आणि तो होताही. म्हणजे समुद्र आपल्यापासून वाटतो तितका लांब नाही.

ऑगस्ट २०१०: दोन जहाजे आणि दहा बोटे

७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजांची टक्कर झाली. 'एमएससी चित्रा' हे न्हावाशेव्याहून निघालेले कंटेनरचे जहाज, त्यावर झेंडा पनामाचा. दुसरे 'खलिजिया-३', त्यावर झेंडा सेंट किट्स अँड नेव्हिस या इवल्याशा बेटांच्या देशाचा. हे दुसरे जहाज त्याआधी जुलैमध्ये मुंबईजवळ गाळात रुतले होते, ते सोडवून आत आणले जात होते. चित्रावर बाराशेवर कंटेनर होते आणि पोटात अडीच हजार टनांहून जास्त इंधन तेल होते. जहाज एका कुशीवर कलले, कंटेनर पाण्यात पडून तरंगू लागले, काहींत तर कीटकनाशके होती. सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेले. बंदराची वाट काही दिवस बंद राहिली. काळा तवंग घारापुरी, उरण, अलिबागच्या किनाऱ्यापर्यंत गेला, खारफुटीच्या मुळ्यांना डांबरासारखा चिकटला.

दिवस कोणते होते तेही पाहा. पावसाळी मासेमारीबंदी संपत आलेली, नारळी पौर्णिमा तोंडावर. कोळी बांधवांनी जाळी दुरुस्त करून, होड्यांना रंग देऊन ठेवलेले. आपल्याकडे बॉयलर अग्निप्रदीपन व्हावे आणि त्याच दिवशी उसाला आग लागावी, तसा प्रकार. मासळी बाजारात गिऱ्हाईक फिरकेना. मासे तेलाचे नसले तरी संशय तेलाचा होता, आणि संशयापुढे कोणाचे चालते?

मग सुरू झाले ते आपल्या सर्वांच्या ओळखीचे. चूक कोणाची? दोन्ही कप्तानांवर मुंबईत पोलिसांनी गुन्हा नोंदवला. पण बंदराचे मार्गदर्शन कुठे होते? रुतलेल्या जहाजाला हलवायची परवानगी कोणी दिली? दोन बंदरांची एकच वाट, तिच्यावर देखरेख कोणाची? जहाजवाहतूक केंद्राची, बंदर केंद्राचे, किनारा राज्याचा. समुद्रावर तवंग असेल तर तटरक्षक दल. तोच तवंग वाळूवर आला की जिल्हाधिकारी. तेल बिचारे एकच, पण हद्दी चार. दिल्लीचे मंत्री मुंबईला आले, मुंबईचे मंत्री किनाऱ्यावर गेले, विरोधकांनी दोघांना धारेवर धरले. हे सगळे व्हायला पाहिजेच, लोकशाहीत विचारणा झालीच पाहिजे. पण महिना उलटला, वर्तमानपत्रांना दुसरा विषय मिळाला, आणि कोळ्याची होडी होती तिथेच राहिली.

यात एक कायद्याची मेख आहे, ती समजून घेण्यासारखी आहे. तेलवाहू जहाजातून मालाचे तेल सांडले तर भरपाईसाठी आंतरराष्ट्रीय करार आहेत आणि भारत त्यांत सामील होता. पण चित्रा हे तेलवाहू जहाज नव्हते. तिच्यातून सांडले ते तिचे स्वतःचे जळण. त्यासाठी वेगळा करार २००१ साली तयार झाला होता, २००८ पासून जगात लागूही झाला होता. पण आपल्या देशाने तो २०१० पर्यंत स्वीकारलेला नव्हता. म्हणजे घर जळाले आणि मग कळले की विम्याचा हप्ताच भरलेला नाही. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात ते हेच.

पुढच्याच वर्षी, २०११ च्या पावसाळ्यात, पुन्हा तीन जहाजे. जूनमध्ये 'विस्डम' जुहूच्या वाळूत येऊन बसले. जुलैअखेर 'पवित' नावाचे बेवारस जहाज तरंगत तरंगत त्याच जुहूला लागले, आणि ते येईपर्यंत कोणाला पत्ता नाही. ४ ऑगस्टला 'रॅक कॅरियर' हे साठ हजार टन दगडी कोळसा घेऊन गुजरातेत दहेजला जाणारे जहाज मुंबईसमोर बुडाले. तेलही गळू लागले. या शेवटच्या प्रकरणी मुंबईतल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. लवादाने ऑगस्ट २०१६ मध्ये जहाजाच्या कंपन्यांना १०० कोटी रुपये आणि कोळसा ज्यांचा होता त्या अदानी एंटरप्रायझेसला ५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. निकाल महत्त्वाचा खराच. पण जहाज बुडाल्यापासून आदेश निघेपर्यंत पाच वर्षे गेली होती. पाच वर्षांत आपल्याकडे उसाची लागण, खोडवा, निडवा होऊन रान पुन्हा नांगरून निघते.

अमेरिकेतही तेच, पण एक गोष्ट वेगळी

हे फक्त आपल्याकडेच होते असे समजू नका. त्याच २०१० साली २० एप्रिलला अमेरिकेजवळ मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहिरीच्या तराफ्यावर स्फोट झाला. अकरा कामगार गेले. तळातून तेल ८७ दिवस उसळत राहिले. त्याच्या तीनच आठवडे आधी अध्यक्ष ओबामांनी समुद्रात नव्या ठिकाणी तेल शोधायला वाट मोकळी करण्याची घोषणा केली होती. स्फोटानंतर त्यांनाच खोल समुद्रातल्या नव्या विहिरींवर सहा महिन्यांची बंदी घालावी लागली, आणि ती ऑक्टोबरात मुदतीआधीच उठवलीही. बंदी घातली तेव्हा तेलवाले ओरडले की आमचे कामगार बसले. उठवली तेव्हा मासेमारीवाले ओरडले.

संसदेच्या समितीपुढे मे महिन्यात तिन्ही कंपन्यांचे मोठे अधिकारी बसले होते. विहीर बीपीची, तराफा ट्रान्सओशनचा, विहिरीतले सिमेंटचे काम हॅलिबर्टनचे. बीपीने बोट दाखवले ट्रान्सओशनकडे, ट्रान्सओशनने बीपी आणि हॅलिबर्टनकडे, हॅलिबर्टनने बीपीकडे. अगदी आपल्या पाटपाण्याच्या भांडणासारखे: वरचा म्हणतो खालच्याने दार मोडले, खालचा म्हणतो वरच्याने पाणी चोरले, आणि पाटकरी म्हणतो मी तर रजेवर होतो.

पण एक गोष्ट वेगळी झाली. न्यायालयाने दोषाची वाटणी केली ती २०१४ साली: बीपी ६७ टक्के, ट्रान्सओशन ३० टक्के, हॅलिबर्टन ३ टक्के. तोवर मच्छीमार वाट बघत बसला असता तर देशोधडीला लागला असता. म्हणून सरकारने जून २०१० मध्येच, तेल अजून उसळत असताना, बीपीकडून २० अब्ज डॉलरचा निधी बाजूला काढून घेतला आणि त्यातून लोकांना पैसे द्यायला सुरुवात झाली. त्यातही तक्रारी झाल्या, कोणाला कमी मिळाले, कोणाला उशिरा. पण तत्त्व लक्षात ठेवण्यासारखे: ज्याचे नुकसान झाले त्याला आधी द्या, खापर कोणाच्या माथी फोडायचे ते मागून ठरवा.

दुसरा धडाही घेण्यासारखा आहे. अमेरिकेत समुद्रातल्या तेलाचे स्वामित्वधन गोळा करणारे खाते आणि सुरक्षेची तपासणी करणारे खाते एकच होते. ज्याला उत्पन्न वाढवायचे त्यानेच कामाला लगाम घालायचा, हे कसे जमावे? स्फोटानंतर ते खाते मोडून वेगळे करावे लागले. आपल्याकडेही २७ जुलै २००५ रोजी मुंबई हायच्या उत्तरेकडील फलाटाला 'समुद्र सुरक्षा' हे मदतीचे जहाज धडकून आग लागली आणि २२ माणसे गेली. त्यानंतर २००८ साली समुद्रातल्या तेलकामासाठी सुरक्षेचे नियम आले. पण त्यांवर देखरेख करणारे संचालनालय हे त्याच पेट्रोलियम मंत्रालयाखाली आहे, ज्याच्याखाली तेल काढणारी सरकारी कंपनी आहे. तिथली माणसे कामात कमी आहेत असे आम्ही म्हणत नाही. मांडणीतच ही अडचण आहे एवढे म्हणतो.

आता आपल्या दाराशी

दर अपघातानंतर दोन आरोळ्या उठतात. एक म्हणतो, तेल काढणे बंद करा. दुसरा म्हणतो, काढले नाही तर देश चालेल कसा. मेक्सिकोच्या आखातात तेल सांडले त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्या सरकारने नव्या तेलक्षेत्रांच्या वाटपाची नववी फेरी जाहीर केली. त्यात नवल नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक आपण बाहेरून आणतो. आणि आपण स्वतः तरी काय करतो? ऊसतोडीपासून गव्हाणीपर्यंत एकेक मोळी डिझेलवरच येते. तेव्हा तेलाला नुसती नावे ठेवण्यात अर्थ नाही.

यातूनच इथेनॉल पुढे आले, आणि आपला संबंध आला. २००१ साली मिरज आणि मनमाड इथे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा पहिला प्रयोग झाला. २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. पण त्याच सुमारास दुष्काळ पडला, लोकरी मावा आला, ऊस संपला, मळी मिळेना, आणि २००४ मध्ये सक्ती सैल करावी लागली. २०१८ च्या धोरणानंतर पुन्हा गती आली. जून २०२२ मध्ये देशाने दहा टक्के गाठले, आणि २०३० चे वीस टक्क्यांचे उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५ मध्येच पुरे झाले. कारखान्यांनी कर्जे काढून आसवन्या वाढवल्या.

मग ७ डिसेंबर २०२३ रोजी, गळीत हंगाम ऐन भरात असताना, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. पाऊस कमी झाला होता, साखर महागेल ही धास्ती होती. आठवड्याभरातच मर्यादित परवानगी दिली: सतरा लाख टन साखरेइतक्याच मालाचे इथेनॉल करा. पुढच्या वर्षासाठी बंधने उठली ती २९ ऑगस्ट २०२४ च्या आदेशाने. दरम्यान धान्यापासूनचे इथेनॉल उसाच्या पुढे निघून गेले. त्या हंगामात खापर फोडायला माथी पुष्कळ होती: कोणी पावसावर, कोणी दिल्लीवर, कोणी मुंबईवर, कोणी कारखान्याच्या संचालकांवर. पण आडसाली ऊस शेतात सोळा-अठरा महिने उभा असतो. ज्याने तो लावला त्याला हे धोरण कोणी आधी सांगितले होते? बँकेचे व्याज तर कोणासाठी थांबत नाही.

आणि २०२५ मध्ये शहरातले गाडीवाले म्हणू लागले की इथेनॉलमुळे गाडी कमी पळते. लिटरमागे इथेनॉलात पेट्रोलपेक्षा उष्णता कमी असते हे खरेच आहे. ते आधीच स्पष्ट सांगितले असते तर बोलणी कमी खावी लागली असती. निती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात उसाच्या एका लिटर इथेनॉलमागे निदान २,८६० लिटर पाणी लागते असा आकडा आहे. मराठवाड्यातले आपले भाऊ जायकवाडीच्या पाण्यासाठी आपल्याकडे बोट दाखवतात तेव्हा हा आकडाही त्यांच्या हातात असतो. इंधनाच्या धंद्यात उतरलो म्हणजे बोटे आपल्याकडेही वळणारच. त्यावर चिडून भागत नाही, उत्तर तयार ठेवावे लागते.

विहिरीचं पाणी

इथे एक घरची गोष्ट सांगतो. ती छापावी की नाही यावर आमच्यात बरेच बोलणे झाले. शेवटी ठरले की छापायची.

काही वर्षांपूर्वी भर पावसात आसवनीचा स्पेंटवॉश साठवण्याच्या तळ्याचा बांध एका रात्री पाझरला. ओढ्याला चहासारखे पाणी आले. खालच्या वस्तीवरच्या विहिरीचे पाणी बिघडले. सकाळी सगळे जमले. कोणी म्हणाले अतिवृष्टी. कोणी म्हणाले ठेकेदाराने बांध कच्चा घातला. कोणी म्हणाले हे मागच्या संचालक मंडळाचे पाप. एक जण तर म्हणाला, ओढ्याच्या काठाला विहीर खोदायला कोणी सांगितली होती? विहिरीचा मालक, आपला जुना सभासद, बराच वेळ ऐकत उभा होता. मग तो म्हणाला, "कोणामुळं झालं ते तुम्ही सावकाश ठरवा. माझ्या गोठ्यात आठ जनावरं हायेत. त्यांना आज दुपारी पाणी कोण पाजतो, तेवढं सांगा."

कोणाकडे उत्तर नव्हते. दुपारी टँकर गेला तो एका कामगाराने स्वतःच्या जबाबदारीवर नेला म्हणून. नंतर बांध पक्का झाला, भरपाईही मिळाली, पण ती ठरायला दोन हंगाम गेले.

चित्रा जहाजाची गोष्ट वाचताना आम्हांला ही सकाळ आठवली. आठशे टन तेल आणि एक विहीर यांची बरोबरी होत नाही, हे कळते. पण उरणच्या कोळ्याला जे विचारायचे होते तेच आपल्या सभासदाने विचारले.

मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढायला साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो. त्यात पालाश असते. नीट आटवून, जाळून, राखेचे खत केले तर ते आपल्याच उसाला परत मिळते. ओढ्यात गेले तर तेच विष होते. तेव्हा इथेनॉल वाढले म्हणून आनंद मानताना त्याच्या पाठीमागे किती पट पाणी सांभाळायचे वाढले, हाही हिशेब मांडायला हवा.

सर्वसाधारण सभेत विचारा

सप्टेंबरमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभा होते. भाव किती दिला, हप्ता कधी, हे प्रश्न विचाराच. ते आपल्या पोटाचे आहेत. पण त्यांच्या जोडीला आणखी चार गोष्टी मागून घ्या, असे आमचे सांगणे आहे.

पहिली: आसवनीच्या आसपासच्या विहिरींचे पाणी दर तिमाहीला तपासावे आणि आकडे याच वार्तापत्रात छापावेत, चांगले असोत की वाईट. तपासणी कारखान्याच्या माणसाने नव्हे, बाहेरच्या प्रयोगशाळेने करावी. अमेरिकेत जे खाते मोडावे लागले त्याचा धडा हाच आहे.

दुसरी: विकलेल्या प्रत्येक लिटर इथेनॉलमागे थोडी रक्कम बाजूला काढून वेगळा निधी ठेवावा. नुकसान झाले की पंचनाम्यापासून आठ दिवसांत पहिली रक्कम त्यातून द्यावी. दोष ठेकेदाराचा, पावसाचा की आणखी कोणाचा, ते मागून ठरू दे आणि पैसे त्याच्याकडून वसूल होऊ देत.

तिसरी: रात्री दोन वाजता बांध फुटला तर फोन कोणाला करायचा आणि टँकर कोणी पाठवायचा, त्या अधिकाऱ्याचे पद आणि नंबर गेटवर मोठ्या अक्षरात लिहिलेला असावा.

चौथी मागणी सरकारकडे. इथेनॉलचे धोरण बदलायचे असेल तर बदला, पण ते उसाची लागण होण्याआधी सांगा, गव्हाणीत मोळी पडल्यावर नव्हे. हा ठराव सभेने एकमताने करून वर पाठवावा.

यातले काही कोणा पॅनेलच्या विरुद्ध किंवा बाजूने लिहिलेले नाही. खापर फोडायला आपल्याकडे माणसे कधी कमी पडली नाहीत, पुढेही पडणार नाहीत. पण आपला कारखाना म्हणजे कोणा परक्याच्या झेंड्याखालचे जहाज नव्हे. त्याचे मालक आपणच आहोत, दहाबारा मैलांच्या आत राहणारे, त्याच ओढ्याचे पाणी पिणारे. म्हणून विहीर बिघडल्यावर जबाबदार कोण हे शोधायला आपल्याला पनामाला जायला नको. ते सप्टेंबरच्या सभेत, मंडपात बसून, आधीच ठरवता येते. या खेपेला ते ठरवूनच उठू या.